खुब्याचं माप कागदावर लिहा

मी पायाळू. मुर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात कोणाच्या कंबरेत उसण भरली की तो आमच्या दाराशी येऊन आजीला हाक मारायचा, "काकू, पोट्टीले धाडा बरं जरा." तो ओसरीत पाठमोरा बसायचा आणि मी उजव्या पायावर उभी राहून डाव्या पायानं त्याच्या कंबरेला हलकी लाथ मारायची. उजव्यावरच उभी राहायची, कारण डाव्यावर मला तोल धरता येत नसे. डावा पाय आखूड होता. अर्ध्या गावानं तो पाय जवळून पाहिला, पण तो आखूड का, हे कोणी विचारलं नाही. आईला वाटायचं, सुईणीनं ओढताना दुखावला असेल. आजी म्हणायची, "देवानं गुण देल्ला, तं काहीतरी घेनारच ना माय."

खरं कारण मला साठीच्या आसपास अकोल्यात एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा कळलं. डाव्या मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या वाटीत कधी नीट बसलेलंच नव्हतं. ते वाटीच्या वर सरकलं होतं आणि तिथंच हाडाला घासत घासत इतकी वर्षं चाललं होतं. पायाळू जन्म, त्यातही मुलगी, त्यातही पहिलटकरणीचं मूल: डॉक्टरांच्या पुस्तकात या दोषासाठी जपायला सांगितलेली मुलं नेमकी हीच. डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त वेळा सापडतो, हेही तिथं लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी गाव मला मानत होतं, तीच माझ्या खुब्याकडं बोट दाखवत होती.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. बाळाचा खुबा वेळेवर तपासला जावा, पायांची लांबी मोजली जावी, आणि मोजलेला आकडा ज्याचा पाय आहे त्याच्या हातात कागदावर लिहून मिळावा. पहिल्या तपासणीला जाणते हात लागतात आणि लांबी मोजायला शिंप्याची टेप पुरते. तरीही आपल्या अमरावती-अकोल्याकडं हे नियमानं होताना मला दिसलं नाही.

माझा जन्म १९६२ चा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बार्लो या डॉक्टरांनी नवजात बाळाचा सैल खुबा हातानं कसा ओळखावा, ते लिहून प्रसिद्ध केलं. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये इटलीच्या ऑर्टोलानींनी निसटलेला खुबा वाटीत परत जाताना हाताला कसा जाणवतो, ते सांगून ठेवलं होतं. आणि १९६२ च्याच नोव्हेंबरात, इंग्लंडमध्येच, जॉन चार्न्ली यांनी रायटिंग्टनच्या रुग्णालयात धातूचं डोकं आणि पॉलिथिलीनची वाटी असा खुबा बसवायला सुरुवात केली. आजचा कृत्रिम खुबा त्याच वाटेनं आला. माझ्या जन्मसालीच दोन्ही गोष्टी जगात होत्या. पहिली मला मिळाली असती तर दुसरीची गरज बहुधा पडली नसती.

आता बाळंतिणीच्या खोलीत जाऊ. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पोटऱ्यांवर निजवते, तेल जिरवते, हातपाय आडवे-उभे ताणते. दाराशी डॉक्टर येण्याच्या कितीतरी आधी बाळाचा खुबा तिच्या हाताखालून जातो. गुडघे मुडपून दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला उघडल्या आणि एकच बाजू अडली, तर ते सांगण्यासारखं आहे. बाळ उताणं ठेवून गुडघे उभे केले आणि एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली दिसला, तर तेही. मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडं सारख्या नसणं हे एकट्यानं भक्कम लक्षण नव्हे, पण बाकीच्यांच्या जोडीला आलं की लक्ष द्यावं. पहिल्या काही आठवड्यांत यातलं काहीच दिसत नसलं तरी खुबा सैल असू शकतो. म्हणून पायाळू बाळाची, विशेषतः मुलीची, सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. एवढ्या लहान वयात हाडाचं डोकं अजून कूर्चेचं असतं, ते एक्स-रेवर उमटत नाही. एक्स-रेचा खरा उपयोग चार-सहा महिन्यांनंतर.

इतक्या लवकर सापडलं तर उपाय पट्ट्यांचा आहे. पाव्लिक नावाचे पट्टे बाळाचे गुडघे मुडपलेले आणि मांड्या उघड्या ठेवतात, आणि काही आठवड्यांत वाटी डोक्याभोवती घडत जाते. सहा महिने उलटले की हे पट्टे कमी उपयोगी पडतात. मूल चालायला लागल्यावर कळलं तर बहुतेक वेळा कापाकापी आली, प्लास्टर आलं.

आपल्याकडच्या एका सवयीबद्दल इथंच बोलते. पाय वाकडे राहू नयेत म्हणून बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून गुंडाळायची पद्धत अजून घरोघर दिसते. सैल खुब्याला यासारखं वाईट दुसरं काही नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळाचे पाय ताणून बांधू नका, असा प्रचार घरोघरी पोहोचवला आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. उलट आपल्या बायका पोराला कडेवर घेतात, त्याच्या दोन्ही मांड्या आईच्या कंबरेभोवती उघड्या राहतात, ही बैठक खुब्याला मानवते. ती सवय गाडीच्या आणि पाळण्याच्या नादात घालवू नये. हात-छाती गुंडाळा, पायांना मोकळं हलू द्या, एवढंच नव्या आयांना सांगायचं.

सरकारी कागदावर याची सोय नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत खुब्याचा हा दोष नावानिशी आहे. त्या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. आशाताई तर त्याच्याही आधी पोहोचतात: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत आणि शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे, खुबा पाहायचा नेमका तोच काळ. बाळाचं वजन, ताप त्या पाहतातच, त्यांना मांड्या उघडून बघायला शिकवलं आणि "बाळ पायाळू होतं का?" हा प्रश्न त्यांच्या वहीत एका रकान्यात आला, तर माझ्यासारख्या कितीतरी पोरी पाळण्यातच सापडतील. हे काम त्यांच्यावर फुकट लादू नये. आशांच्या डोक्यावर आधीच खूप आहे आणि मोबदल्यासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागतं, हे आम्ही अकोल्यात पाहिलं आहे. पैसे द्या आणि मग काम सांगा.

शाळेतही हे दिसतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. मैदानावर मुलं लंगडी खेळतात तेव्हा एखादं मूल एकाच पायावर खेळतं, पाय बदलायचा म्हटलं की बसून घेतं. त्या मुलाला फळ्याकडं तोंड करून उभं करा आणि एक पाय उचलायला सांगा. ज्या पायावर ते उभं आहे त्या बाजूच्या खुब्यात जोर नसेल तर दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते. जर्मनीच्या ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितलेली ही खूण पाहायला डॉक्टर असावं लागत नाही. कारण जन्मजातच असेल असं नाही. पाच-सात वर्षांच्या पोराच्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटून डोकं मऊ पडतं, तान्हेपणी खुब्यात पू होऊन गेलेला असतो, क्षयरोग असतो, मोडलेली मांडी आखूड जुळलेली असते. कोणत्याही कारणानं लांबीत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर वाढीच्या वयात त्यावर करण्यासारखं पुष्कळ असतं. लांब पायाची वाढ वेळ साधून थांबवता येते. फरक फारच मोठा असेल तर सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव यांची पद्धत आहे: हाड कापायचं आणि बाहेरच्या कड्यांनी ते दिवसाला एक मिलिमीटर लांबवायचं. पण हे सगळं मोजल्यावर. आणि शाळेच्या आरोग्यपत्रकात उंची असते, वजन असतं; दोन पायांचं वेगवेगळं माप मी माझ्या नोकरीत एकाही पत्रकात पाहिलं नाही.

माझं ऑपरेशन निवृत्तीनंतर झालं, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात. त्याचं नाव इथं महत्त्वाचं नाही, कारण माझ्याशी जे झालं ते कुठंही होतं. शल्यचिकित्सक हुशार होते. दुखणं गेलं. रात्री कुशीवर वळताना मी ओठ चावायची, ते थांबलं. पाय ऑपरेशनआधी साडेतीन सेंटिमीटर आखूड होता आणि मला सांगितलं होतं, "पाय सारखे होतील." मी खूश होते.

वॉकर घेऊन उभी राहिले तेव्हा डावा पाय चक्क लांब झाला होता. उजव्या पायाखालची जमीन एक पायरी खाली गेल्यासारखी वाटायची. विचारलं, तर उत्तर मिळालं, "सवय होईल, चालत राहा." सुटी झाली, फाइल हातात आली. त्यात बसवलेल्या सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर होते, डोक्याचा आकार होता, रक्ताचे अहवाल, टाके काढायची तारीख, गोळ्यांचे रतीब, बिल. पाय आधी किती होता, आता किती आहे, हे कुठंच नव्हतं.

स्टिकर होते ही चांगली गोष्ट, तेही मी मानते. २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका उपकंपनीनं आपला एएसआर नावाचा धातूचा खुबा जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता आणि पुढं भरपाईची वेळ आली तेव्हा बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागेना. ज्याच्या शरीरात वस्तू आहे त्याच्याजवळ तिची नोंद असावी, हा धडा तिथं मिळाला. लांबीची नोंद त्याच कागदावर, त्याच ओळीखाली यायला काय हरकत आहे?

मला उत्तर मिळालं ते अकोल्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडं. तिनं मला बाकावर सरळ निजवलं. कंबरेच्या पुढच्या हाडाचा टोकदार भाग बोटानं चाचपून पेनानं खूण केली, तशीच खूण घोट्याच्या आतल्या हाडावर केली आणि टेप लावली. मग तीच टेप बेंबीपासून घोट्यापर्यंत लावली. पहिल्या मापात डावा पाय आठ मिलिमीटरनं लांब निघाला. दुसऱ्या मापात अडीच सेंटिमीटरनं.

"बाई, हाडानं पाय आठ मिलिमीटरच लांब आहे," ती म्हणाली. "बाकीचं तुमच्या कंबरेनं केलं."

मग तिनं मला उभं केलं आणि उजव्या पायाखाली प्लायवूडच्या पातळ फळ्या एकेक करून सरकवल्या, माझ्या कंबरेच्या दोन्ही कडांवर हात ठेवून. एका फळीवर मी म्हटलं, आता बरं वाटतं. ती म्हणाली, आता बरं वाटतं पण तुमची कंबर अजून तिरपीच आहे. आयुष्यभर आखूड पायावर चालून माझा कणा एका बाजूला वळला होता, खुब्याभोवतीचे स्नायू आखडले होते. डावा पाय खाली ओढून आणल्यावर ते ताणले गेले आणि त्यांनी कंबर त्या बाजूला खेचून धरली. टेपनं जवळपास सारखे झालेले पाय माझ्या कण्याला सारखे वाटत नव्हते. तिनं ताणाचे व्यायाम दिले आणि एक गोष्ट बजावली: पहिले काही महिने चपलेत उंची घालू नका. स्नायू सैल व्हायला तीन ते सहा महिने लागतात. आधीच उंची दिली तर कंबर त्या तिरपेपणातच मुरते. माझ्याबाबतीत ते तसंच झालं. दिसणारा फरक हळूहळू ओसरला आणि हाडाचा आठ मिलिमीटरांचा राहिला, तो आज मला जाणवतही नाही. सेंटिमीटरभर फरक बहुतेकांना जाणवत नाही, असं डॉक्टर सांगतातच.

हेच सगळं ऑपरेशनच्या आधी दहा मिनिटं बसून मला सांगता आलं असतं. ते महिने मी घाबरून काढले, ऑपरेशन फसलं असं समजून चालले. शेजारणी म्हणायच्या, "पैसे गेले अन् पाय बी गेला वं बाई."

शल्यचिकित्सकांची बाजू मला आता कळते. खुबा बदलताना लांबी हा त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्न नसतो. सांधा निखळू नये हा असतो. स्नायू सैल राहिले तर सांधा सुटतो, म्हणून कधी कधी थोडी लांबी जाणूनबुजून द्यावी लागते. माझ्यासारख्या जुन्या निखळलेल्या खुब्यात उलटी भीती असते: पाय एकदम चार सेंटिमीटरच्या पुढं ओढला तर मांडीमागची मोठी नस ताणली जाऊन पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून काही वेळा मांडीचं हाड कापून थोडं आखूडही करावं लागतं. म्हणजे किती मिलिमीटर मिळवायचे आणि किती सोडायचे, हा टेबलावर सतत चाललेला हिशोब असतो. मग तो हिशोब रुग्णाला का सांगत नाहीत? अमेरिकेत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांवर जे खटले होतात, त्यांचं एक नेहमीचं कारण पायांची लांबी हेच आहे. भीती समजते. पण आकडा न लिहिल्यानं पाय सारखा होत नाही, आणि रुग्णाच्या मनातला संशय मात्र वाढतो.

आपल्याकडं तर हा हिशोब आधी सांगायला आणखी कारणं आहेत. नवा खुबा बसवल्यावर बहुतेकांना जमिनीवर बसायला, उकिडवं बसायला मनाई असते. ज्या बाईचं पोट निंदणावर आहे, तिला हे आधी कळलं पाहिजे. ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाईला वाकण्याबद्दल कळलं पाहिजे. चपलेत उंची घाला म्हणणं सोपं, पण आपण चप्पल दाराशी काढतो. स्वयंपाकघर, देवघर, अंगण, सगळं अनवाणी. दीड सेंटिमीटरचा फरक राहिलेल्या बाईला घरात वापरायची वेगळी, उंची घातलेली चप्पल लागते, आणि सासूबाईंना तीही आधी समजावून सांगावी लागते. साधारण सेंटिमीटरपर्यंतची उंची चपलेच्या आत मावते. त्याहून जास्त असेल तर तळाला लावावी लागते, टाचेला जास्त आणि पुढं कमी, नाहीतर पाय अडखळतो. हे कागदावर लिहून दिलं तर मुर्तिजापूरच्या बाजारातला चपलांचा कारागीरही ती नीट बनवतो. माझ्या एका मैत्रिणीला बनवून दिली आहे.

पायाच्या लांबीला सरकारी कागदात जिथं ठळक जागा आहे, ती दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के असा हिशोब आहे. सवलतींसाठी ४० टक्के लागतात. नुसत्या आखूडपणावर ते गाठायला साडेपाच इंच कमी भरावे लागतील. सांध्याची हालचाल आणि स्नायूंचा जोर यांचे टक्के त्यात मिळवतात हे खरं, पण दीड-दोन इंच आखूड पायानं दिवसभर शेतात उभ्या राहणाऱ्या माणसाला तो कागद फारसं काही देत नाही. निदान त्याला उंचीची चप्पल तरी टक्के न विचारता मिळावी.

आपल्या भागात खुब्याचं आणखी एक दुखणं आहे, ते तरुणांचं. विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, मेळघाटातही. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी खुब्याच्या डोक्याकडं जाणाऱ्या बारीक नसा बुजवतात, हाड मरतं, डोकं चेपतं आणि पाय आखूड होतो. धारणीकडचा एक पंचविशीतला मुलगा मला ठाऊक आहे. जांघेत दुखतं म्हणून तो दोन वर्षं मालिश आणि गोळ्यांवर राहिला. एक्स-रे निघाला तेव्हा डोकं चपटं झालं होतं. असं हाड एक्स-रेच्या आधी एमआरआयमध्ये दिसतं आणि त्या टप्प्यावर डोकं वाचवायचे प्रयत्न करता येतात. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, रक्ताच्या तपासण्या होताहेत, कार्डं वाटली जाताहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार आहे. ज्याच्या कार्डावर आजार निश्चित झाला त्याला दर भेटीत "जांघेत दुखतं का, मांडी घालता येते का?" हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पंचविशीत कृत्रिम खुबा बसवायचा म्हणजे तो जन्मात पुन्हा बदलावा लागणार, हे त्या पोराला कोणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा तो गप्प राहिला.

अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावती, बुलडाणा आणि वाशिमची ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. नव्या कॉलेजांचे अस्थिरोग विभाग अजून उभे राहताहेत, त्यांचे केसपेपर आणि सुटीचे कागद आता छापले जातील. त्यांच्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. खुब्याच्या प्रत्येक रुग्णाच्या सुटीच्या कागदावर ऑपरेशनआधीची लांबी, नंतरची लांबी, हाडाचा फरक वेगळा आणि कंबरेचा वेगळा, आणि उंचीची चप्पल केव्हा बघायची, हे मराठीत लिहा. आणि प्रसूती विभागाच्या कागदावर पायाळू बाळासमोर सहाव्या आठवड्याच्या खुब्याच्या तपासणीची तारीख घाला, म्हणजे आशाताईंना ती घरी जाऊन वाचता येईल.